एकदा येऊन गेलेली अम्मा

नल्लसिवमला कांजिण्या होणं शक्य नाही, ही गोष्ट उरैयूरच्या त्या गल्लीत सगळ्यांनी मान्य केली होती, आणि सगळ्यांच्या आधी नल्लसिवमनं. अर्थात ‘कांजिण्या’ हा शब्द गल्लीत कुणी तोंडातून काढत नसे. अंगावर फोड उठले की ‘अम्मा आली’ म्हणायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा. घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही, आणि फोड सुकल्यावर घालायच्या आंघोळींतलं तिसरं पाणी अंगावर पडेपर्यंत आजाऱ्याशी देवीशी बोलावं तसं बोलायचं. डॉक्टरचा तर प्रश्नच नाही. घरी आलेल्या पाहुणीला कुणी डॉक्टरकडे नेतं का?

नल्लसिवमकडे ही पाहुणी तो पहिलीत असताना येऊन गेली होती. आणि एकदा येऊन गेलेली अम्मा त्याच माणसाकडे परत येत नाही, हे समोरच्या मुत्तय्या सरांनी त्याला शास्त्रानुसार पटवून दिलं होतं. मुत्तय्या सर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवणं वाढवलं होतं. “एकदा झालं की रक्तात शिपाई तयार होतात,” ते म्हणत. “ते जन्मभर दारात बसून असतात. पुन्हा आत सोडत नाहीत.” नल्लसिवम भूमापन कार्यालयात हेडक्लार्क होता. दारात बसलेले शिपाई काय करतात ते तो रोज डोळ्यांनी पाहत होता, पण ही शंका तेव्हा त्याच्या डोक्यात आली नाही.

आली असती तर बरं झालं असतं, कारण त्या चैत्रात त्याच्यावर मोठी जबाबदारी होती. तंजावरला दिलेली त्याची बहीण पूंकोडी, तिला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, पुष्कळ नवसांनी मुलगी झाली होती. याळिनी तिचं नाव. मुसिरीजवळच्या करुप्पसामीच्या देवळात तिचे कान टोचायचे होते. आता कान टोचताना पोर कुणाच्या मांडीवर बसतं? मामाच्या. यात वाद नाही. बाप असतो, पण तो बाजूला उभा राहून फोटोत डोळे मिटलेला येण्यापुरता. सोन्याचे डूल मामाचे, मांडी मामाची, मान मामाचा. नल्लसिवमला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्यानं नेसायला जरीकाठी वेष्टी घेतली होती आणि संध्याकाळी दार लावून, मांडीवर उशी घेऊन, उशी न हलता कशी धरावी याचा सराव चालवला होता. बायको तेनमोळीनं एकदा खिडकीतून पाहिलं आणि भाजी चिरायला निघून गेली.

फक्त एक काटा होता. याळिनीला मामा दोन होते. धाकटा इळंगो कोइमतूरला पंपांच्या धंद्यात होता, मोटारीतून फिरायचा, आई त्याच्याकडेच राहायची. कान टोचायचं ठरल्यापासून तो दर फोनला न चुकता म्हणायचा, “अण्णाचे गुडघे दुखतात. लागलं तर मी आहे.” नल्लसिवमचे गुडघे कधीच दुखत नव्हते. पण ‘लागलं तर मी आहे’ ऐकलं की दुखायला लागायचे.

अशात वरच्या खोलीतल्या जेबराजकडे अम्मा आली. जेबराज नागरकोइलकडचा, बँकेत नोकरीला, एकटा. तापानं फणफणलेला, अंगभर पाण्याचे फोड, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपलीकडे जायला गल्लीत कुणी तयार नाही. समोरच्या वळ्ळियम्मै आच्चीनं खालूनच हात जोडले. मुत्तय्या सरांनी खालूनच शास्त्र सांगितलं.

“तो तर ख्रिस्ती आहे हो आच्ची,” तेनमोळी म्हणाली. “त्याच्याकडे अम्मा कशी?”

“अम्मा काय पत्ता विचारून येते?” आच्ची म्हणाली. “पण कुणीतरी वर जायला हवं. ज्याच्याकडे येऊन गेलीय असा.”

सगळ्यांच्या माना नल्लसिवमकडे वळल्या. आयुष्यात एखाद्या गोष्टीला आपण एकटेच पात्र ठरावं, हा योग हेडक्लार्काच्या वाट्याला फारसा येत नाही. तो छाती किंचित पुढे काढून म्हणाला, “मी जातो.”

“अहो, कान टोचायचं तोंडावर आलंय,” तेनमोळीनं बाही ओढली.

“मला काय होणार? आत शिपाई आहेत.”

तो गेला, आणि खरं सांगायचं तर त्यानं सेवा चोख केली. जेबराजला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, खाज सुटली की डहाळीनं अंगावरून हलकेच फिरवलं, आंबील पाजली. अडचण एकच आली. आजाऱ्यानं जे मागितलं ते अम्मानंच मागितलं असं धरून द्यायचं असतं, आणि तापातून डोळे उघडताच जेबराजनं परोटा आणि कोंबडीचा रस्सा मागितला. नल्लसिवमनं जिन्यावरून आच्चीला विचारलं. आच्चीनं वरच्या आळीतल्या दोघींना विचारलं. अम्माला परोटा आवडतो की नाही यावर अर्धी गल्ली उन्हात उभी राहून बोलली. शेवटी ही मागणी अम्माची नसून बँकेच्या जेबराजची आहे असं ठरलं, आणि त्याला ताडगोळे मिळाले.

पण नाव झालं. मागच्या आळीतून बोलावणं आलं, मग देवळाजवळच्या घरातून. नल्लसिवम स्कूटरच्या टोपलीत कडुलिंबाचे डहाळे घेऊन हिंडू लागला. बोलणंही बदललं. “माझ्या अनुभवात,” तो म्हणे, “तिसऱ्या पाण्याची घाई करू नये.” कार्यालयात त्याची खुर्ची साहेबांनी व्हरांड्यात हलवली, तेव्हा मात्र तो दुखावला. “साहेब, मला होऊच शकत नाही,” त्यानं समजावलं. साहेब म्हणाले, “तुम्हाला नाही हो. तुमच्या शर्टाला.” व्हरांड्यात पंखा नव्हता. पण गुणी माणसाला लोक आधी बाहेरच बसवतात अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि तिथूनच जमिनींच्या मोजण्या निस्तरल्या.

ही कीर्ती पूंकोडीच्या सासूपर्यंत तंजावरला पोचायला वेळ लागला नाही. सासू कडक. तिचा फोन थेट नल्लसिवमला आला.

“मामा, घरोघरी अम्माच्या सेवेला जाता म्हणे. चांगलं आहे. पुण्य आहे. पण आमची पोर तान्ही आहे. तुमच्या अंगावर काही नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग मांडीवर घ्या. नाहीतर धाकटे मामा आहेतच.”

‘धाकटे मामा आहेतच’ हे शब्द नल्लसिवमच्या गुडघ्यांत शिरले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो सरकारी दवाखान्यात गेला. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, “तक्रार?” नल्लसिवम म्हणाला, “तक्रार नाही.” कारकून म्हणाला, “तक्रारीशिवाय केसपेपर निघत नाही.” नल्लसिवम त्याच जातकुळीचा, त्याला हे पटलं. दोघांनी विचार करून ‘खाज – नाही’ असं लिहिलं. त्या कागदावर तो खाजऱ्यांच्या रांगेत बसला. दोन्ही बाजूंची माणसं खराखरा खाजवत होती आणि तो एकटाच स्वस्थ बसलेला पाहून सगळ्यांना वाटलं की यालाच काहीतरी भयंकर झालंय. त्याच्या आजूबाजूची बाकं रिकामी झाली.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं हात, पाठ, पोट पाहिलं.

“काही नाही तुम्हाला.”

“माहीत आहे. होणारही नाही. तेवढं लिहून द्या.”

“होणार नाही असं कसं लिहू?”

“लहानपणी येऊन गेलीय.”

“काय, कांजिण्या?”

“अम्मा.”

“काका, अम्मा म्हणजे कांजिण्या असतील, गोवर असेल, नाहीतर नुसती घामोळीसुद्धा असतील. डॉक्टरनं पाहिलं होतं?”

“अम्माला डॉक्टर दाखवतात का?” नल्लसिवमला धक्काच बसला. “आणि झाल्या असतील कांजिण्या, तर पुन्हा होतात?”

“बहुतेकांना नाही होत. क्वचित एखाद्याला होतात,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “पण दुसऱ्यांदा झाल्या म्हणून जे येतात ना, त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा भलतंच काहीतरी झालेलं असतं.”

चिठ्ठीवर तिनं लिहिलं होतं, ‘आज अंगावर पुरळ नाही.’ नल्लसिवमची नजर ‘आज’वर अडकली. एका शब्दानं अख्खी फाईल कशी लुळी पडते हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! “तेवढं ‘आज’ काढता येणार नाही का?” त्यानं नम्रपणे विचारलं. “उद्याचं मी कसं लिहू काका?” ती म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली.

घरी येऊन त्यानं तेनमोळीला काही सांगितलं नाही. गच्चीवर जाऊन कोइमतूरला आईला फोन लावला.

“आई, मी पहिलीत असताना अंगावर काय आलं होतं?”

“अम्मा.”

“ते कळलं. पण कुठली? पाण्याचे टपोरे फोड होते, की बारीक लाल पुरळ?”

“अरे, अम्मा घरी आल्यावर तिला तू कुठली, कुणाची असं विचारायचं असतं होय? हात जोडले, पाणी घातलं, गेली. शहाण्यासारखी गेली.”

“खोकला होता का मला?”

“तर! घर डोक्यावर घेतलं होतंस खोकून खोकून. उजेड सोसवेना म्हणून तुला धान्याच्या खोलीत ठेवला होता. डोळे लालभडक. तसे तुझे डोळे जन्मापासूनच लाल, ते सोड.”

नल्लसिवमनं फोन ठेवला. एवढी घरं फिरून त्याला आता जे कळत होतं, त्यात खोकला आणि लाल डोळे बसत नव्हते. ते गोवरात बसत होते. पण माणूस वर्षानुवर्षं ज्या भरवशावर जगलाय तो गच्चीवरच्या एका फोनवर कसा सोडणार? आईचं वय झालंय, तिच्या लक्षात राहत नाही, असं त्यानं ठरवलं आणि चिठ्ठीचा फोटो पूंकोडीच्या सासूला पाठवून दिला.

कान टोचायच्या दिवशी सकाळी आंघोळ करताना त्याला पोटावर एक लाल ठिपका दिसला. डास. उरैयूरचे डास प्रसिद्धच आहेत. अंग पुसताना काखेपाशी आणखी एक दिसला. चैत्रातलं ऊन, घामोळं असणारच. त्यानं खिडकीतून मुत्तय्या सरांना हळूच बोलावून पोट दाखवलं. सरांनी गजांमधून चष्मा आत घालून पाहिलं. “डास,” ते ठामपणे म्हणाले. “शास्त्रात दुसरं काही बसतच नाही.” नल्लसिवमला हायसं वाटलं. मग त्यानं छातीवरचा तिसरा पाहिला. त्याच्या मध्यभागी दवासारखा पाण्याचा थेंब होता. या विषयात आता सबंध गल्लीत त्याच्याइतका जाणकार कुणी नव्हता, आणि हीच त्याची पंचाईत झाली. दुसऱ्याच्या अंगावर असता तर त्यानं बघताक्षणी ओळखला असता.

त्यानं लांब बाह्यांचा शर्ट घातला. गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. खाली जरीकाठी वेष्टी. अंगात कणकण होती. तिला त्यानं आनंदाची कणकण मानलं.

इतक्यात तंजावरची गाडी दारात आली. तिच्यामागे इळंगोची मोटार, तीत आई. सासू पुढच्या सीटवरून उतरली. गल्लीतली दारं उघडली. आणि पूंकोडी पोरीला घेऊन धावतच अंगणात आली. हिरव्या परकरातली याळिनी, डोक्यावर जावळ, तोंडात मूठ.

“अण्णा, घे तुझी पोर! रस्ताभर मामा मामा म्हणून शिकवत आणलीय.”

याळिनीनं मूठ तोंडातून काढली आणि दोन्ही हात त्याच्याकडे पसरले.

नल्लसिवमचे हात पुढे झाले. ते त्यानं पुढे केले नव्हते, आपोआप झाले. देवळापर्यंत तासाभराचा रस्ता, मग मांडीवर घटकाभर बसवायचं, तेवढंच तर. शर्ट जाड आहे. कुणाला कळणार नाही. बाहीच्या टोकाशी, मनगटावर, एक नवा ठिपका उगवला होता तो त्याला त्याच वेळी दिसला.

“थांब!” तो ओरडला. “तिथंच थांब पूंकोडी. पुढे येऊ नकोस.”

सगळे थबकले. तो पाठमोरा झाला, स्कूटरपाशी गेला, टोपलीतला कडुलिंबाचा डहाळा उचलला आणि आपल्याच दाराच्या कडीत खोचला.

कुणाला काही विचारायची गरज कुठं होती? आच्चीनं गालांवर हात मारून घेतले, आईनं मोटारीतूनच हात जोडले, पूंकोडी पोरीला छातीशी धरून दोन पावलं मागं सरली. फक्त सासू फोन हलवत म्हणाली, “पण चिठ्ठीत तर लिहिलंय, आज पुरळ नाही!”

“ते त्या दिवशीचं आज होतं,” नल्लसिवम म्हणाला. सोन्याच्या डुलांची डबी त्यानं ओट्यावर ठेवली आणि आत गेला. इळंगोनं या खेपेला ‘लागलं तर मी आहे’ म्हटलंसुद्धा नाही. त्यानं नुसती डबी उचलली. तेनमोळी रेशमी साडी नेसून उंबऱ्यात उभी होती. ती गाड्या वळेपर्यंत तिथंच उभी राहिली आणि मग साडी बदलायला गेली.

मोठ्या माणसाकडे अम्मा येते ती सगळा लवाजमा घेऊन येते. नल्लसिवम पाल्यावर पडून राहिला. तेनमोळीला लहानपणी ही पाहुणी भेटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे सेवेला वरून जेबराज आला. “अंकल, माझ्यात आता शिपाई आहेत,” तो म्हणाला. नल्लसिवम क्षीण आवाजात म्हणाला, “बहुतेक.” तेनमोळी दारापलीकडून विचारी, “अम्मा, ताक घेणार का? अम्मा, ऊन लागत नाही ना?” इतक्या वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदाच त्याच्याशी अदबीनं बोलत होती आणि त्याचा आनंद घ्यायची ताकद त्याच्या अंगात नव्हती. त्याला मांडी रिकामी वाटत होती. एवढंच वाटत होतं, सारखं वाटत होतं, आणि ताप उतरल्यावरही ते उतरलं नाही.

घरच्या ग्रूपवर इळंगोनं फोटो टाकला होता. मांडीवर याळिनी, तोंड वासून रडणारी, उजव्या कानात डूल चमकतोय. खाली साऱ्या नातेवाइकांचे नमस्कार. ‘धाकट्या मामांनी लाज राखली.’ नल्लसिवमनं तो फोटो इतक्या वेळा पाहिला की जेबराजनं फोन काढून घेतला.

गल्लीत मात्र भलतंच घडत होतं. मुत्तय्या सर खिडकीशी आले. “तुमचे शिपाई रजेवर गेले असणार,” ते जरा वरमून म्हणाले. “दुसऱ्यांदा होणं हे लाखात एखाद्याच्याच नशिबी असतं.” नल्लसिवमनं डोळे उघडले. लाखात एखादा! गोवराचं तो बोलला नाही. आच्चीनं हे ऐकलं आणि तासाभरात वरच्या आळीपर्यंत पोचवलं. “दोनदा आली! ज्याच्या घरी मन रमतं तिथंच बाई दुसऱ्यांदा जाते.” लोक रस्त्यावरून जाताना त्याच्या दाराला हात जोडू लागले. पुन्हा कधीच होणार नाही म्हणून जो प्रसिद्ध होता, तो आता दोनदा झाल्याबद्दल प्रसिद्ध झाला. कार्यालयातून निरोप आला की साहेबांनी खुर्ची आत घेतली आहे.

तिसरं पाणी पडलं. खपल्या गळाल्या. दारावरचा डहाळा तेनमोळीनं उतरवला. आणि एका दुपारी तंजावरची गाडी पुन्हा दारात उभी राहिली. पूंकोडी उतरली, कडेवर याळिनी. मागून एक म्हातारा सोनार, हातात छोटी पेटी.

“डॉक्टरांना विचारून आलेय,” पूंकोडी म्हणाली. “आता चालतं. घे.”

नल्लसिवमनं पोरीला घेतलं. तिनं आधी त्याच्या नाकावरचा डाग चाचपला. तो तिच्या कानाकडे पाहत होता. उजव्या कानात डूल होता. डावा कान बोडका.

“अगं, एक डूल पडला कुठं?”

“पडला नाही. टोचलाच नाही. एक कान झाला आणि मी हिला इळंगोच्या मांडीवरून उचलली. म्हटलं, हा धाकट्याचा झाला. दुसरा मोठ्याचा आहे.”

“असं कुठं असतं?”

“सासूबाईही तेच म्हणाल्या. हे सोनारही म्हणाले, जन्मात असं पाहिलं नाही. मी म्हटलं, आता पाहा. बस खाली, अण्णा.”

नल्लसिवम बसला. बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला. “पूंकोडी, मला दोनदा नाही झाल्या. पहिल्यांदा गोवरच असणार.”

“माहीत आहे. आईनं देवळात सगळ्यांना तुझ्या खोकल्याचं, लाल डोळ्यांचं सांगितलं.” तिनं आवाज खाली आणला. “पण तुझ्या गल्लीत कुणी काही बोललेलं नाही. बस नीट. हलू नकोस.”

तो हलला. उशी कधी रडली नव्हती, पोर रडली. ती किंचाळताच मामाच दचकला आणि सोनाराचा हात केसभर वर गेला. आजही याळिनीचा डावा कान उजव्याहून थोडा वर टोचलेला आहे. आरशासमोर डूल घालताना पूंकोडी म्हणते, बरंच झालं, मोठ्या मामाचा कान कुठला ते हिला सांगायला नको.